कपाटातला रॉक

साडू हे नातं ज्याने काढलं, त्याला स्वतःला साडू नसणार. भाऊ वाईट निघाला तर आईवडिलांवर ढकलता येतं, शेजारी वाईट निघाला तर घर बदलता येतं. साडूचं काय करणार? ना रक्ताचा, ना निवडीचा. आपण एका घरातली थोरली पसंत केली, त्याने धाकटी केली, एवढ्या कारणावरून आयुष्यभर दोघांना एका तराजूत घालतात. आणि तराजूतलं मला कळतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. काट्यात एका ग्रॅमचा फरक निघाला तरी मी दुकानदाराला सोडत नाही. पण आमच्या सासूबाईंचा काटा तपासायची सोय कायद्यात नाही.

तर ह्या साडूने अल्बम काढला.

साडू दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालतो आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसतो. मधे हात धुतो म्हणतात. अल्बम त्याने एकट्याने केला. गिटार त्याची, बेस त्याचा, ड्रम त्याचे, आवाज त्याचा, आणि कौतुकही त्याचंच. 'जुन्या जमान्यातल्या रॉकपासून स्फूर्ती घेतलेला पॉप अल्बम' असं स्वतः लिहून त्याने सगळ्या नातेवाइकांना फोनवर पाठवलं. सोबत फोटो. काळा चष्मा, कातडी जाकीट, पडक्या विटांच्या भिंतीला टेकून दूर कुठेतरी बघतोय. ती भिंत त्याच्या दवाखान्याच्या मागची आहे. तिथे जनरेटर असतो आणि तो दूर बघत होता ते कचऱ्याच्या डब्याकडे. मी स्वतः तिथे उभा राहून खात्री करून घेतली.

आता जुनं रॉक म्हणजे काय, हे ह्या माणसाला शिकवलं कोणी? मी. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा मी त्याला माझ्या जुन्या कॅसेटी ऐकवल्या होत्या. तेव्हा तो मान हलवत होता तीसुद्धा ठेका सोडून. जाताना त्यातली एक मागून घेऊन गेला. ती अजून आलेली नाही. तिच्यातलेच तीन कॉर्ड त्याच्या पहिल्या गाण्यात उघड उघड ऐकू येतात. ह्याला तो स्फूर्ती म्हणतो. आमच्या खात्यात वेगळा शब्द आहे, पण जाऊ दे.

मला कुणाचा हेवा वाटत नाही. हे मी त्या दिवसांत बायकोला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी ती म्हणाली, "बरं वाटत नसेल तर झोपा जरा."

सासूबाईंचा फोन आला. "ऐकलंत का? आमचे कलाकार जावई!" मी म्हटलं, ऐकलं. "दवाखान्यात दिवसभर लावतात म्हणे. एकाही पेशंटने तक्रार केली नाही." तोंडात चिमटा घातलेला माणूस काय तक्रार करणार, हे मी बोललो नाही. थोरल्या जावयाला पोक्तपणा सांभाळावा लागतो. धाकट्याला जाकीट चालतं.

हेही मी गिळलं असतं. पण एका संध्याकाळी बायको जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवते. हातात लाल पेन, नाकावर चष्मा, आणि गळ्यात, देवा रे, साडूचं गाणं!

"काय गुणगुणतेस?"

"मी? कुठे काय?"

"आत्ता. त्याचं पहिलं गाणं."

"काहीतरीच तुमचं. हे बघा, नऊ साते बहात्तर लिहिलंय ह्या कार्ट्याने." आणि पुढच्या वहीला पुन्हा तेच सुरू. तिसऱ्या ओळीपर्यंत आली आणि चौथ्या ओळीत, जिथे साडू टाचा उंच करून वरच्या सुरात चढतो, तिथे तीही चढली. लाल पेन हवेत उचलून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाआधीपासून मी ह्या बाईला गिटार वाजवून दाखवतोय. वाजवायला लागलो की ती "छान" म्हणते आणि पंखा वाढवते. पण गुणगुणली? एकदाही नाही. मला पैसा नको, नाव नको, जाकीट तर मुळीच नको. ह्या बाईने एकदा, फक्त एकदा, नकळत माझं गाणं गुणगुणावं, एवढंच मला हवं होतं. आणि त्यासाठी आधी माझं एक गाणं हवं होतं. म्हणून मीही अल्बम काढायचं ठरवलं.

मधे काही वर्षं माळ्यावर पडलेली गिटार खाली काढली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलून आणल्या. बातमी जिना चढायच्या आत वर पोचली. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "गळ्यासाठी गरम पाणी प्या. आमचे हे पितात." त्यांचे हे बोलतच नाहीत, त्यामुळे गुण आला की नाही हे कळायला मार्ग नाही. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "आवाज बेंबीतून काढा." मी विचारलं, तुम्ही गायचात का? म्हणाले, "नाही, पण भाषणं केलीत." तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनियर मात्र टेप घेऊनच वर आले. खोलीची मापं घेतली, टाळ्या वाजवून भिंतींचे कान तपासले आणि निकाल दिला: "घुमतंय. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोका. चारी बाजूंनी."

अंड्यांच्या ठोक व्यापाऱ्याकडे मी गेलो. आता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, की वजनमापे निरीक्षक दुकानात शिरून "ट्रे आहेत का?" असं हळू आवाजात विचारतो तेव्हा समोरच्याला काय वाटतं. त्याने आधी काटा दाखवला. मग वजनांवरचे शिक्के दाखवले. मग शटर अर्धं ओढून म्हणाला, "साहेब, आपण काय परके आहोत का?" मी म्हटलं, मला फक्त रिकामे हवेत, गाण्यासाठी. तो समजुतीने हसला. संध्याकाळी घरी टेम्पो आला. ट्रे होते. भरलेले.

परत पाठवले, तर तो घाबरला. त्याला वाटलं, कमी पडले. दुसऱ्या दिवशी दुप्पट आले. जिन्यात उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं, "आवाजासाठी कच्ची पिता का हो?"

चार दिवसांत ऑफिसात बोभाटा. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी सगळं खरं सांगितलं: साडू, जाकीट, भिंत, ट्रे. साहेब खुर्चीत मागे रेलले. "अंड्यांचं मी बघतो. पण अल्बम? परवानगी घेतलीत?"

"घरात गायला परवानगी लागते?"

"गायला नाही. पण दुसऱ्याने ऐकलं की ते प्रकाशन होतं. गाणार की वाजवणार?"

"दोन्ही."

"मग दोन अर्ज." त्यांनी कागदावर 'दोन' लिहून खाली रेघ मारली. मग एकदम चेहरा उजळला. "तुमचे साडू म्हणजे ते दातांचे डॉक्टर ना? परवा दाढ काढली त्यांच्याकडे. गाणी लावली होती. फारच छान हो! दुखलं सुद्धा नाही." आणि साहेब, माझे साहेब, टेबलावर बोटांनी ठेका धरून तेच पहिलं गाणं गुणगुणायला लागले. मी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. नोकरी आहे.

साहेबांच्या एका फोनने अंडी परत गेली, रिकामे ट्रे तेवढे मागे राहिले; ते भिंतींना ठोकून मी सात गाणी रेकॉर्ड केली. शेवटी ट्रे बायकोने बाहेर काढले, कारण त्यांना वास यायला लागला होता आणि मुंग्यांची रांग लागली होती. मग गिटारच्या तारा विकणाऱ्या दुकानदाराने खरी युक्ती सांगितली. "कपड्यांच्या कपाटात बसून गा. कपडे आवाज पितात. मोठमोठे लोक असंच करतात." हे मला पटलं. आमच्या झोपायच्या खोलीत आजेसासऱ्यांच्या वेळचं भलंमोठं लाकडी कपाट आहे. रजया, स्वेटर आणि माझा लग्नातला कोट एका बाजूला सारला की एक माणूस आणि एक गिटार मावते. कडी तेवढी सैल होती. दार आपटलं की बाहेरून आपली आपण पडायची.

त्याच सुमाराला सोसायटीची नोटीस आली. निवासी जागेत स्टुडिओ चालवल्याचा संशय असल्यामुळे कमिटी पाहणीला येईल. कुणी कळवलं ते मी विचारलं नाही, पण तळमजल्यावरचे इंजिनियर दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या मते ट्रे काढून टाकून मी त्यांचा अपमान केला होता.

कमिटी रविवारी येणार, हे मी साफ विसरलो. रविवारीच मी कपाटात शिरलो. शिरायच्या आधी बायकोला बजावलं, "आज मी मोकळ्या गळ्याने गाणार आहे. जुन्या रॉकमध्ये माणूस जीव तोडून ओरडतो. काहीही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही. रेकॉर्डिंग बिघडतं."

"काहीही?"

"काहीही."

ती म्हणाली, "बरं." शिस्तीची बाई आहे. तिच्या वर्गात तास संपेपर्यंत कुणी पाणी प्यायला उठत नाही.

आत गेलो, दार ओढलं, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, कानात ड्रमचा ठेका सुरू केला. कॅसेटीतले ते तीन कॉर्ड माझेच, मूळ मालकाचे, म्हणून हक्काने घेतले. पहिल्या तीन ओळी झकास झाल्या. विषय विरहाचा होता. चौथ्या ओळीत मला साडूपेक्षा वर चढायचं होतं. श्वास घेतला, आणि श्वासाबरोबर स्वेटरची लोकर नाकात गेली. शिंका आल्या. घाम फुटला. दार ढकललं. कडी पडलेली.

आधी हळूच म्हटलं, "उघड." मग जरा मोठ्याने. मग लाज सोडून, "उघडा! अहो, कुणीतरी उघडा!" कानात ठेका चालूच होता आणि ठेका सोडणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे दारावरच्या बुक्क्यासुद्धा बरोबर ठेक्यात पडत होत्या. गिटार गुडघ्यांत अडकली होती, ती हललो की वाजायची. दम संपत चालला, तसा 'उघडा' दर वेळी थोडा खाली उतरायला लागला.

बाहेर त्या वेळी कमिटी आली होती. पुढचं मला नंतर कळलं. सेक्रेटरींनी विचारलं, "साहेब आहेत का?"

"आहेत ना. कपाटात आहेत," बायको म्हणाली. "येतील एवढ्यात. बसा, चहा टाकते."

चेअरमन, सेक्रेटरी आणि इंजिनियर आमच्या पलंगावर ओळीने बसले आणि चहा पीत माझ्या किंकाळ्या ऐकत राहिले. चेअरमन म्हणाले, "भावना आहेत हं गाण्यात." सेक्रेटरींनी विचारलं, "'उघडा' म्हणजे मनाचं दार असेल ना?" इंजिनियरांनी कपाटावर कान ठेवून कबूल केलं, "घुमत नाही." बायको म्हणाली, "ह्यांनी सांगितलंय, काही झालं तरी दार उघडायचं नाही."

शेवटी आवाज बंद झाला, तेव्हा गाणं संपलं असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग कडी काढली. मी कोट, दोन रजया आणि गिटारीसकट चेअरमनच्या पायाशी पडलो. "अहो, नमस्कार कसला करताय," ते म्हणाले, "तुम्ही वयाने बरोबरीचे." स्टुडिओ आढळला नाही, असा शेरा मारून कमिटी गेली. माणूस आढळला, याबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

रेकॉर्डिंग मी पुसून टाकणार होतो. पण गाणी साफसूफ करून देणारा एक माणूस ठरवला होता, त्याच्याकडे ते आधीच्या सगळ्या गाण्यांबरोबर गेलं. त्याचा फोन आला. "बाकीची सात टाकून द्या. कपाटातलं ठेवा. चौथ्या ओळीला जे खाली उतरता ना, तो खरा माल आहे."

अशा रीतीने माझा अल्बम निघाला. एका गाण्याचा. मी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सोबत फोटो नाही. सासूबाईंचा लगेच फोन आला. "दम लागतो का हो तुम्हाला हल्ली? एकदा दाखवून घ्या." साडूने एक अंगठा पाठवला. एकच. आणि बायकोने ऐकलं, "छान" म्हणाली, पंखा वाढवला, वह्या ओढल्या आणि साडूचं गाणं गुणगुणायला लागली.

मी उठलो. खोलीत जाऊन कपाटाची कडी घट्ट करून घेतली. आता सांगायला हरकत नाही, मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी साडूकडे जेवायला बोलावलं होतं. मी डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, पण बायकोने गोळी दिली. साडूकडे नवे स्पीकर, माणसाच्या उंचीचे. मला कोचावर बसवून त्याने अल्बम लावला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला. मी थोरल्या जावयाचा चेहरा केला. त्याचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"साडूभाऊ, खरं सांगा," तो म्हणाला. "ते 'उघडा' गाणं तुम्ही माझ्या धंद्यावर केलंत ना? मी दिवसभर लोकांना तेच म्हणतो."

"छे हो! कपाटावर केलं."

त्याचा विश्वास बसला नाही. एवढ्यात अल्बम संपला, घर शांत झालं आणि स्वयंपाकघरातून दोघी बहिणींचं गुणगुणणं ऐकू आलं. पहिली ओळ एकच. दुसरी एकच. तिसरीही. कॅसेट एकच ना शेवटी! मला वाटलं, दोघी मिळून त्याचंच म्हणतायत, आणि मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. चौथी ओळ आली. माझी बायको वर चढली. आणि मेहुणी, साडूची सख्खी बायको, खाली उतरली. उघडा, उघडा, कुणीतरी उघडा.

मला ठसका लागला. साडू उठून उभा राहिला. हा माणूस लोकांच्या अक्कलदाढा उपटतो, पण त्या क्षणी त्याच्याच कुणी उपटल्यासारखा दिसत होता. तो तरातरा आत गेला, मागोमाग मी.

"हे काय म्हणतेस?" त्याने बायकोला विचारलं.

"कुठे काय?" मेहुणी म्हणाली. दोघी बहिणी एकाच साच्यातल्या आहेत.

"भाऊजींचं गाणं! माझ्या घरात! माझं का नाही म्हणत?"

"तुमचं?" तिने झारा खाली ठेवला. "अहो, तुमचं गाणं म्हणजे मला भिंतीपलीकडून तोच तुकडा, रोज संध्याकाळी, तुम्ही कुठे चुकलात आणि कुठे चिडलात त्यासकट. ते काय गुणगुणायचं? ताईला फोन केला की मागे भाऊजींचं कपाटातलं चालू असायचं. लांबून बरं वाटतं."

"हो की," माझी बायको म्हणाली. "मलाही तुझ्या फोनमधूनच डॉक्टरांचं पाठ झालं. घरातलं गाणं गुणगुणायला जरा लांब जावं लागतं बाई."

मी आणि साडू दिवाणखान्यात येऊन बसलो. आता तोही माझ्यावर जळत होता, ही बातमी मला इतकी गोड लागली की जेवायची भूक दुप्पट झाली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ती कॅसेट देऊ का परत?"

"राहू दे" हे शब्द ओठांवर आले होते. पण मी म्हटलं, "द्या." आणि निघताना आठवणीने घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात गिटार वाजवणं बंद केलं. खाली पार्किंगमध्ये, चेअरमनच्या स्कूटरच्या मागे, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून वाजवायला लागलो. तिथून आमची दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसते. मी अंतर नीट तपासून घेतलं. फार जवळ बसलो तर ती पंखा वाढवते, फार लांब गेलो तर रस्त्यावरचे भोंगे ऐकू येतात. रखवालदाराने विचारलं, "साहेब, घरातून काढलं का?" मी म्हटलं, नाही, कामावर आहे. सोसायटीत कुजबुज झाली. काकूंनी बायकोला "सगळं ठीक आहे ना?" असं दोनदा विचारलं. माणसाने अब्रूची तरी किती काळजी करायची!

एका संध्याकाळी गाणं निम्मं वाजवून झालं आणि तार तुटली. नवी आणायला जिना चढून वर आलो. किल्ली कुलपात घालणार, तेवढ्यात आतून गुणगुणणं ऐकू आलं. वह्या चालू असाव्यात.

पहिली ओळ. मी किल्ली मागे घेतली. दुसरी ओळ. ह्यावरून काही कळत नाही, ती दोघांचीही आहे. तिसरी ओळ आली आणि मी दाराला कान लावला.

"शंभरातून सदतीस गेले त्रेसष्ट, त्र्याहत्तर कसे रे गाढवा?" असं म्हणून ती थांबली.

मी घाम पुसला. आत पान उलटल्याचा आवाज आला. पुन्हा पहिल्यापासून. पहिली. दुसरी. तिसरी. मी डोळे मिटले. वर चढली तर गिटार विकून टाकायची, असं मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं.

ती खाली उतरली. हळूहळू, एकेक पायरी, 'उघडा, उघडा, कुणीतरी उघडा' म्हणत, माझा दम जिथे संपला होता तिथपर्यंत. माझ्यापेक्षा कितीतरी सुरात म्हणत होती. त्याने जरा पोटात दुखलंच, खोटं कशाला बोलू.

"अगं बाई, बाहेर का उभे?" काकू पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. "किल्ली विसरलात का? मग बेल वाजवा ना!"

मी मुठीतली किल्ली आणखी घट्ट धरली.

"हो काकू, विसरलो," मी हळूच म्हटलं. "असू दे. काही घाई नाही."